साडीला सुई कुणी टोचली?

गालावर निळा डाग उमटला तेव्हा हॉलमधल्या सगळ्या बायांनी श्वास रोखून धरला. तो डाग पुसला गेला तेव्हा तोच श्वास त्यांनी एवढ्या जोरात सोडला, की माझ्या पुढे बसलेल्या बाईचा गजरा हलला. मी स्वतः बघितलं. गजरा हललेला पण आणि डाग गेलेला पण.

पूर्णेत स्टेशनरोडवरच्या मंगल कार्यालयात हे चाललं होतं. बाहेर भलामोठा बॅनर: ‘ओजसगुरूंचा नीलहरण सोहळा. गाल भरा, सुरकुत्या काढा. सुई आमची, निळं घालवणं ऊर्जेचं. एकही वळ न पडता.’ खाली गुरूंचा फोटो, तो इतका गोरा केलेला की नाक कुठं संपतं ते कळत नव्हतं.

प्रत्यक्षात नाक होतं. अंगात पांढरा कोट, कोटावर रुद्राक्षाची माळ आणि खिशात स्टेथोस्कोप. डॉक्टर म्हणून जाब विचारायला जावं तर गळ्यात माळ, बाबा म्हणून विचारायला जावं तर स्टेथोस्कोप. माणूस कुठून तरी निसटायची सोय करूनच आला होता.

“बहिणींनो,” गुरू माईकमध्ये म्हणाले, “शहरात जा. तिथला डॉक्टर गालात सुई टोचतो आणि सांगतो, थोडे दिवस काळंनिळं राहील. का राहील? ते त्याला माहीत नाही. मी सांगतो. निळं म्हणजे नजर. निळं म्हणजे विष. तुमच्या आत बसलेला दोष सुईच्या भोकातून बाहेर डोकावतो. डॉक्टर भोक पाडतो, दोष काढत नाही. म्हणजे घर झाडलंच नाही, नुसतं दार उघडलं.”

तेवढ्यात स्टेशनात कुठल्या तरी गाडीनं भोंगा दिला. गुरू डोळे मिटून थांबले, जणू तो भोंगाही त्यांनीच बोलावला होता. बाया माना डोलवत होत्या. खरं सांगायचं तर बोलणं एवढं गोड होतं की माझीही मान निम्मी डोलली, मग मी तिला आवरलं.

मग प्रयोग झाला. वालूरहून आलेल्या म्हणून सांगितलेल्या एका बाईला खुर्चीत बसवलं. तिच्या गालाला ‘चंदनभुकटी’ फासली. गुरूंनी सुई टोचली. टोचली म्हणजे, त्यांची पाठ आमच्याकडे होती. मग एका बाटलीतल्या तांबूस ‘तीर्था’त कापूस बुडवून गालावर फिरवला, आणि बघता बघता गाल काळानिळा. गुरू म्हणाले, “आली बाहेर नजर.” मग दुसऱ्या बाटलीतलं पाण्यासारखं ‘मंत्रजल’ फुस्स फुस्स फवारलं, ओठ पुटपुटले, आणि निळं गायब. गाल स्वच्छ. टाळ्या.

आता मी कोण ते सांगते. मी सत्यशीला. दहावीत आहे आणि शाळेच्या कबड्डीच्या संघात डावा कोपरा सांभाळते. त्यामुळे काळंनिळं होण्याबाबत माझा अभ्यास गुरूंपेक्षा जास्त आहे. पकडीत गुडघा आपटला की तो लगेच निळा होत नाही. आधी लाल, मग सूज, आणि निळं येतं ते निवांत, दुसऱ्या दिवशी मराठीच्या तासाला. मग जांभळं, हिरवं, पिवळं. माझा एक गुडघा तर एकदा कच्च्या पपईपासून पिकलेल्या पपईपर्यंत सगळे रंग करून गेला. घटकेत येणारं आणि घटकेत जाणारं निळं मी जन्मात बघितलं नव्हतं.

दुसरी गोष्ट म्हणजे ते ‘निळं म्हणजे विष’. आमच्या घरात निळा म्हणजे झेंडा, विहाराची कमान आणि आज्जीच्या पांढऱ्या साडीचे काठ. आमच्याकडे येऊन कुणी निळ्याला विष म्हणालं तर त्याला चहासुद्धा मिळणार नाही. मला संशय तिथूनच यायला लागला. पण संशय म्हणजे उत्तर नव्हे.

आणि माझ्या शेजारी बसलेली बबिताआत्या टाळ्या वाजवत होती. डोळे पुसत होती आणि टाळ्या वाजवत होती.

बबिताआत्या म्हणजे पप्पांची धाकटी बहीण. लहानपणी तिला सांधे सुजायचा ताप आला आणि जाताना तो हृदयाची झडप खराब करून गेला. पुढं ऑपरेशन करून धातूची झडप बसवली. कान लावला तर आत घड्याळासारखी टिकटिक ऐकू येते. मी लहान असताना ते ऐकत झोपायचे. त्या धातूवर रक्ताची गाठ धरू नये म्हणून ती रोज संध्याकाळी रक्त पातळ ठेवायची गोळी घेते. गाठ धरली तर झडप अडते, नाहीतर गाठ सुटून मेंदूत जाते. हे आम्हा सगळ्यांना पाढ्यासारखं पाठ आहे.

पुढच्या महिन्यात तिचं लग्न होतं. नवरदेव धम्मपालमामा रेल्वेत आहेत. त्यांना झडप माहीत होती, गोळी माहीत होती, आणि आत्याच्या डाव्या गालावर जुन्या गळवाचा पडलेला खड्डा तर दिसतच होता. ते काही बोलले नाहीत. पण बघायला आलेल्या बायांतली एक जण जाता जाता म्हणाली, “पोरगी लाखात एक हाय. तेवढं गालाचं काय करता आलं तर बघा.” चहा पिऊन ती बाई गेली. वाक्य आमच्या घरातच राहिलं.

आत्या परभणीला त्वचेच्या डॉक्टरांकडेही जाऊन आली होती. त्यांनी सरळ सांगितलं, तुमच्या गोळीमुळे सुई टोचली की इतरांपेक्षा जास्त काळंनिळं पडेल, आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारू, आणि गोळी मनानं अजिबात बंद करायची नाही. आत्या हिरमुसून परत आली. मग रस्त्यावर तो बॅनर दिसला. एकही वळ न पडता.

सोहळा संपताना गुरूंनी बोट वर केलं. “ज्यांना रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत त्यांनी आजपासून बंद. चेहरा नवा बसेपर्यंत बंदच. पातळ रक्तात ऊर्जा टिकत नाही. ताकात लोणी तरंगतं, पाण्यात तरंगतं का?”

पाण्यातही लोणी तरंगतं. मी हात वर केला होता, पण माझ्याकडे बघतंय कोण. आत्यानं तोवर उद्याच्या सुईसाठी नाव देऊन टाकलं होतं.

त्याच संध्याकाळी जेवण झाल्यावर आत्यानं आज्जीसमोर गोळी तोंडात टाकली, पाणी प्यायली आणि मोरीत गेली. मी ताट ठेवायला मागे गेले. तिनं गोळी थुंकली आणि वरून तांब्यानं पाणी ओतलं.

“आत्या, गोळी कामून थुकलीस?”

“हळू बोल. भिंतीला कान असतेत.”

“मला तोंड पण हाय. आज्जीला सांगू?”

“सांग. मग लग्नात माझ्या गालाकडं बघून बाया काय बोलतेत ते पण तूच ऐक. फोटोत मी एका बाजूनंच उभी राहते. तुला काय मालूम ते.”

“आगं पण तो माणूस लबाड हाय.”

“कशावरून? त्यानं निळं घालवलं का न्हाई? तू तुझ्या डोळ्यानं बघितलीस का न्हाई?”

“बघितलं.”

“मग खोटं कसं काय ते सांग की.”

मला सांगता येईना. बघितलेलं असतं आणि उत्तर नसतं, तेव्हा माणूस एकतर विचार करत बसतो नाहीतर पाया पडतो. पाया पडायला कमी वेळ लागतो.

मी आज्जीला सांगितलं. आज्जी म्हणजे केशरबाई. आमच्या गल्लीत या नावानं कुत्रीसुद्धा शेपूट आत घेतात. ती तडक आत गेली.

“बबे, बावीस प्रतिज्ञा पाठ हायत ना तुला? मग बाबाच्या नादी कशी लागलीस?”

“तो देव न्हाई सांगत माय. ऊर्जा सांगतो. थेरपी हाय ती.”

“नाव बदललं की झालं का? काढ दुसरी गोळी.”

आत्यानं दार लावून घेतलं. पप्पा कामासाठी नांदेडला होते, ते उद्या येणार होते. मी परभणीला, आत्याची झडप बघतात त्या दवाखान्यात फोन केला. तिथल्या सिस्टर म्हणाल्या, आज रात्रीच गोळी द्या, चुकवू नका. मी दाराला तोंड लावून ते आत ओरडून सांगितलं. आतून आत्या म्हणाली, “त्याचं खोटं दाखवा. मग जन्मभर गोळ्या खाते. न्हाई दाखवलं तर मला माझ्या गालाचं करू द्या.”

मोठ्या बाईच्या तोंडात गोळी कोंबता येत नाही. आज्जी उंबऱ्याशी बसली. मग दाराकडं बघून म्हणाली, “उद्या मी येते तुझ्यासंग. बघू दे तो गुरू.”

दुसऱ्या दिवशी पौर्णिमा होती. आज्जी सकाळी विहारात वंदनेला गेली आणि तिथून परस्पर कार्यालयात आली. अंगावर निळ्या काठाची पांढरीशुभ्र साडी, हातात उरलेल्या खिरीचा स्टीलचा डबा. आज्जीची साडी म्हणजे एक प्रकरण आहे. भाताच्या पेजेची घट्ट खळ करून ती साडीला अशी देते, की साडी नुसती उभी केली तरी एकटी वंदनेला जाऊन येईल. चालताना पदर कागदासारखा वाजतो.

दारात माझी मैत्रीण शिवानी भेटली. तिच्या आईचं, सिद्धम्माकाकूंचं पार्लर आहे, आणि हा हॉल काकूंनीच गुरूंना मिळवून दिला होता. त्यामुळे माझा काकूंवरही संशय होता. मी तसं बोलून दाखवलं.

“माझ्या आईला काय बोलू नको,” शिवानी म्हणाली. “तिनं पार्लरमधल्या खुर्च्या पण इथं आणून टाकल्यात. तिला वाटायलंय, गिऱ्हाईक वाढतील.” मग ती हळूच म्हणाली, “पण एक सांगू का? ती चंदनभुकटी हाय ना, तिला चंदनाचा वासच न्हाई. बोटात चोळली तर करकर वाजती. मंचुरियनच्या गाड्यावर पीठ असतंय ना, तसली.”

“आणि बाटल्या?”

“तांबडीचा वास दवाखान्यासारखा. पांढरीचा एक थेंब चाखला मी. आंबट.”

“शिवे, तू बाबाचं मंत्रजल चाखलीस?”

“सरबतासारखं लागलं. अजून जिवंत हाय बघ.”

हॉल कालच्यापेक्षा गच्च भरला होता. पुन्हा तेच बोलणं, तेच घर झाडणं, तेच दार उघडणं. आणि खुर्चीत बसायला आली तीच कालची बाई, फक्त आज साडी वेगळी.

“ह्या ताई चुडाव्याहून आलेल्या आहेत,” गुरू म्हणाले.

“काल वालूरच्या होत्या,” मी मोठ्यानं म्हणाले. “रातोरात बदली झाली काय?”

चार बाया हसल्या. चाळीस जणींनी मला गप्प केलं. गुरू माझ्याकडे बघून मायेनं हसले, असं की माझाच गैरसमज झालाय असं मलाच वाटावं. निळं आलं, निळं गेलं, टाळ्या झाल्या. मग त्यांनी नाव वाचलं, “बबिताताई, या. आता खऱ्या सुया. तुमच्यापासून सुरुवात.”

आत्या उठली. खुर्चीत जाऊन बसली. गुरूंच्या सहायक मॅडमनं तिच्या गालाला भुकटी फासली. मागच्या टेबलावर चिठ्ठी न लावलेल्या छोट्या कुप्या रांगेत मांडल्या होत्या. कशाच्या, कुठल्या, कुणालाच माहीत नव्हतं, आणि कुणी विचारतही नव्हतं. गुरूंनी सुई उचलली.

आज्जी सरळ मंचावर चढली. पदर करकरत.

“बबे, ऊठ.”

“माय, सगळे बघायलेत.”

“बघू दे. ऊठ म्हणलं ना.”

आज्जीनं आत्याचं मनगट धरलं, सहायक मॅडमनं आज्जीचं, आणि त्या ओढाओढीत टेबलावरची तीर्थाची बाटली कलंडली. तांबडं पाणी आज्जीच्या पदरावर सांडलं.

पदर काळानिळा झाला.

तळहाताएवढा डाग. हुबेहूब गालावरचा होता तसाच. पुढच्या बाया उठून बघायला लागल्या. गुरू मात्र पटाईत. त्यांनी माईक ओढला. “बघा बहिणींनो. नजर लावणारी कोण ते ऊर्जेनं दाखवून दिलं. घरातल्याच म्हाताऱ्या माणसाची नजर. कपड्यात उतरली.”

बायांमध्ये कुजबुज उठली. आत्या आपल्या आईकडे बघत राहिली. आज्जीनं पदर हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला, आणि म्हणाली, “माझी नजर ऱ्हाऊ दे बाजूला. निळं सुईच्या भोकातून येतंय म्हणलास ना? मग माझ्या साडीला सुई कुणी टोचली?”

माझ्या डोक्यात त्या क्षणी जे झालं ते सांगता येणार नाही. आधी खळ आठवली. मग प्रयोगशाळेत बशीत ठेवलेली बटाट्याची फोड, तिच्यावर ड्रॉपरनं सोडलेला आयोडीनचा तांबूस थेंब आणि त्याखाली झालेला काळानिळा ठिपका. पदार्थात स्टार्च आहे का ते ओळखायची परीक्षा. पुस्तकात आहे. दोन गुणांना येते. भाताची पेज म्हणजे स्टार्च. मंचुरियनचं पीठ म्हणजे स्टार्च. आत्याच्या गालावर स्टार्च फासलेला होता, आणि मी काल अख्खा वेळ बसून माझाच धडा बघत होते.

मी मंचावर कशी चढले ते आठवत नाही. सहायक मॅडम बाटली उचलायला धावल्या, पण त्यांच्या आधी सिद्धम्माकाकूंनी ती उचलली. काकूंचं कपाळ आठ्यांनी भरलं होतं, भस्माचे पट्टे सुद्धा वाकडे झाले होते.

“पोरीला काय दाखवायचंय ते दाखवू द्या,” काकू म्हणाल्या. “हॉल माझ्या नावावर घेतलेला हाय, गुरूजी.”

“आज्जी, खीर दे,” मी म्हणाले.

“आता खीर?”

“खायला न्हाई गं.”

मी डब्याच्या झाकणात खीर काढली आणि वरून तीर्थ ओतलं. भाताची शितं एकेक करून निळी झाली. मी झाकण वर धरलं.

“बघा, खिरीला नजर लागली. वंदनेची खीर हाय, तरी लागली. आता हा माझा रुमाल. पांढराच आहे, पण खळ दिलेली नाही.” मी रुमालावर तीर्थ टाकलं. रुमाल नुसता तांबडा झाला. “याला नजर लागत नाही, कारण याला आज्जीनं पेज पाजलेली नाही. हे तीर्थ म्हणजे आयोडीन, जखमेवर लावतात ते. पिठाला, भाताला, बटाट्याला लागलं की निळं होतं. गालाला पीठ फासायचं आणि वरून आयोडीन फिरवायचं. दोष नाही, विष नाही, मंचुरियन आहे.”

“मंत्रानं जातंय त्याचं काय?” मागून कुणीतरी विचारलं. प्रश्न बरोबर होता. विचारायलाच पाहिजे होता.

मी मंत्रजलाची बाटली घेतली. आज्जीचा पदर पसरला आणि फवारत फवारत मंत्र सुरू केला, “सतरा एके सतरा. सतरा दुणे चौतीस. सतरा त्रिक एक्कावन्न.” सतरा चोक अडुसष्टला पदरावरचं निळं फिकं पडलं आणि पुढच्या फवाऱ्याला गेलं. पदर पांढरा. हॉलमध्ये आधी एक जण हसली, मग दहा, मग सगळा हॉल.

“हे आंबट आहे,” मी म्हणाले. “चघळायच्या आंबट गोळ्या मिळतात ना, व्हिटॅमिन सीच्या, त्या पाण्यात विरघळवल्या की आयोडीनचा रंग जातो. मंत्र कुठलाही म्हणा. मला सतराचाच पाढा येतो, म्हणून तो म्हटला.” (आंबट गोळीचं तेव्हा मी अंदाजानंच बोलले होते. सोमवारी शाळेत बाईंसमोर करून बघितलं. बरोबर निघालं.)

गुरू सामान भरत होते. “जिथं अविश्वास, तिथं ऊर्जा थांबत नाही,” असं काहीतरी म्हणाले.

“ऊर्जा जाऊ दे, तुमी थांबा,” काकू म्हणाल्या. नाव दिलेल्या बाया तोवर दार अडवून उभ्या राहिल्या होत्या. वालूरची आणि चुडाव्याची बाई एकाच वेळी रडायला लागली, कारण ती एकच होती. पुढं पोलीस आले, आरोग्य खात्याचे लोक आले, त्या बिनचिठ्ठीच्या कुप्या तपासायला घेऊन गेले. ते त्यांचं काम.

माझं काम खुर्चीत बसलेलं होतं. आत्याच्या गालावर अजून पीठ होतं. त्या पिठातून पाण्याच्या दोन रेघा खाली आल्या होत्या.

“सत्या,” ती म्हणाली, “खरं निळं उद्या आलं असतं ना?”

“हो. माझ्या गुडघ्यावर येतं तसंच, आतून. सुईनं आतली बारीक रक्तवाहिनी फुटते, रक्त कातडीखाली पसरतं, वेळ लागतो. उद्या तू आरशात बघितलं असतंस, आणि गुरू दुसऱ्या गावात असते.”

“आन् गोळी पण नसती.”

ते ती अगदी हळू म्हणाली. मग पर्समधून गोळ्यांची पट्टी काढली आणि दोन दाबून बाहेर काढायला लागली. मी तिचा हात धरला. चुकलेली भरून काढायला दोन घ्यायच्या नाहीत, हेही मनानं करायचं नाही. आज्जी म्हणाली, “चला. गाडी कितीला हाय परभणीची?”

परभणीच्या दवाखान्यात हृदयाच्या डॉक्टर मॅडमनी स्टेथोस्कोप लावला, पण त्यांच्या गळ्यात माळ नव्हती. टिकटिक ऐकली, कोपरातून रक्त काढून तपासलं, रिपोर्ट येईपर्यंत आम्हाला बसवून ठेवलं. तेवढा वेळ मी आयुष्यात पहिल्यांदा न बोलता काढला. मग त्या म्हणाल्या, “एकच चुकली म्हणून निभावलं. लग्नापर्यंत बंद ठेवली असती तर मी हे हसत सांगत नसते. आज नेहमीचीच घ्या, नेहमीच्या वेळी.”

आत्यानं मान खाली घातली. मग धीर करून विचारलं, “मॅडम, निळं पडूच नये असं काही नसतंच का?”

“कमी करता येतं. शून्य करून देतो म्हणणारा माणूस एकतर अडाणी असतो नाहीतर लबाड.” मॅडमनी खुर्ची पुढं ओढली. “सुई कुणाच्या हातात आहे ते बघायचं. शिकलेल्या डॉक्टरला रक्तवाहिन्या कुठून जातात ते माहीत असतं. टोचायच्या आधी आणि नंतर कापडात गुंडाळून गार शेक द्यायचा. आपण काय काय खातो ते सगळं सांगायचं. नेहमीच्या गोळ्याच नाही, दुखण्यावरच्या गोळ्या, काढे, भुकट्या, माशाच्या तेलाच्या कॅप्सूल, सगळं. त्यातल्या कशाकशानं रक्त जास्त वाहतं. पण काय बंद करायचं ते डॉक्टरनं ठरवायचं. आधीचे काही दिवस दारू नाही. नंतर गाल चोळायचा नाही, लगेच कबड्डी खेळायची नाही.” हे माझ्याकडे बघून. “आणि लग्नाच्या तोंडावर तर करायचंच नाही. मध्ये काही आठवडे ठेवायचे. एवढं करूनही निळं पडलं तर पडतं, आठ-पंधरा दिवसांत जातं. जागा पांढरीफटक पडली, खूप दुखलं, नजर अंधुक झाली तर मात्र तसंच पळत डॉक्टरकडं.”

“आणि माझं?”

“तुमचं मी आणि तुमचे त्वचेचे डॉक्टर मिळून ठरवू. लग्न करून या. गाल कुठं पळून जात नाही.”

गाल पळून गेला नाही. लग्नात तो खड्ड्यासकट हजर होता. आत्या निळ्या काठाच्या पांढऱ्या साडीत उभी होती, साडीला खळ आज्जीनं दिलेली, त्यामुळे तिला वाकून नमस्कार करता येत नव्हता. लग्नाच्या पाच-सहा दिवस आधी पुन्हा रक्त तपासलं होतं, आणि जिथं सुई गेली होती तिथं कोपराच्या आतून खाली अर्ध्या हातापर्यंत भलंमोठं काळंनिळं उतरलं होतं. खरं. आतून आलेलं, दुसऱ्या दिवशी उमटलेलं, कडेनं हिरवं व्हायला लागलेलं.

गालाचं बघा म्हणाली होती ती बाई फोटोच्या वेळी आलीच. “अगं बाई, हाताला काय झालं? बांगड्या वर ओढून घे, झाकंल.”

आत्यानं बांगड्या खाली सारल्या.

“राहू द्या मावशी. गोळी काम करायलीय त्याची खूण हाय ती.” आणि ती कॅमेऱ्याकडे तोंड करून सरळ उभी राहिली. दोन्ही बाजूंनी.

वाचणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे. डोळ्यांनी बघितलं म्हणजे खरं झालं, असं नसतं. मीही बघितलं होतं. बघितल्यावर विचारायचं असतं, असं कशामुळे झालं? कपड्यावर होतं का? खिरीवर होतं का? मंत्राऐवजी पाढा म्हटला तर होतं का? जो माणूस एवढं विचारू देत नाही त्याच्या हातात आपला गाल द्यायचा नाही, आणि त्याच्या सांगण्यावरून चालू असलेली गोळी तर कधीच बंद करायची नाही. कुणी अंगावरचं निळं घटकेत घालवून दाखवलं, तर टाळ्या वाजवायच्या आधी घरून थोडा भात घेऊन जा.